६० हजारांचं मशीन दारात कितीला पडतं?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं मार्गदर्शन)



मसाला करणाऱ्या एका गटाने पाकिटं भरून सील करणाऱ्या मशीनसाठी ग्रामसंघाकडे ६० हजारांचं कर्ज मागितलंय. मशीन चीनचं, मोबाईलवर बघितलेलं. तेवढंच मशीन पुण्याचा डीलर जीएसटी धरून १ लाख २५ हजाराला देतोय. गटातल्या ताईंचा प्रश्न सरळ आहे: निम्म्या किमतीत मिळतंय, मग डीलरला पैसे का द्यायचे?

प्रश्न चुकीचा नाही. पण मोबाईलवर दिसते ती किंमत बहुतेक वेळा तिकडच्या बंदरापर्यंतची असते. कोटेशनवर ‘एफओबी’ लिहिलेलं असेल तर पुढचं जहाजाचं भाडं आणि विमा आपला. ‘एक्स वर्क्स’ असेल तर कारखान्याच्या दारापासूनच सगळं आपल्यावर.

आता वहीत लिहून घ्या. मशीन ६० हजार. भाडं आणि विमा २० हजार धरू. झाले ८० हजार. आयात शुल्क या ८० हजारांवर लागतं, नुसत्या मशीनच्या किमतीवर नाही. दर मालाच्या एचएसएन कोडप्रमाणे बदलतो, आपण ७.५ टक्के धरू, म्हणजे ६ हजार. त्या शुल्कावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, ६०० रुपये. बेरीज ८६,६००. या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, १५,५८८ रुपये. म्हणजे करावरही कर! एकूण झाले १,०२,१८८.

गट जीएसटीत नोंदलेला असेल तर आयजीएसटीची वजावट मिळते. आपले बहुतेक गट नोंदलेले नाहीत, त्यामुळे ते १५ हजार गेले ते गेले.

अजून मशीन न्हावा शेवा बंदरातच आहे. माल सोडवणाऱ्या एजंटची फी, गोदामाचा खर्च, गावापर्यंतचा टेम्पो. हे १५ हजार धरले तर १,१७,१८८. डीलरपेक्षा वाचले जेमतेम ८ हजार, आणि बँकेचं परदेशी पैसे पाठवण्याचं शुल्क अजून धरलेलंच नाही. इथे एक मेख आहे. कधीकधी जहाजाचं भाडं अगदी स्वस्त सांगतात आणि माल उतरल्यावर वेगवेगळ्या नावांनी वसूल करतात. म्हणून बंदरावरच्या खर्चाचं कोटेशन आधी, लेखी घ्यायचं.

मला काळजी ८ हजारांची नाही, वेळेची आहे. विकणारा साधारण ३० टक्के आगाऊ घेतो आणि उरलेले माल चढवण्याआधी. म्हणजे कर्जाचे ६० हजार आधीच संपले. माल आला की ४० हजारांहून जास्त रोख लगेच पाहिजे. नाही भरले तर गोदाम भाडं दिवसागणिक चढतं, शुल्कावर व्याज लागतं. अशा वेळी बाया मायक्रोफायनान्सवाल्याच्या दारात जातात, आणि इकडे मशीन सुरू व्हायच्या आधीच दोन हप्ते मागे लागतात.

धंद्यासाठी माल मागवायचा तर गटाच्या नावे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड लागतो. तो डीजीएफटीच्या संकेतस्थळावर निघतो, फी ५०० रुपये. पण गटाचं पॅन कार्ड हवं. आपल्या किती गटांकडे आहे, मला हात वर करून सांगा बरं.

कुणी म्हणेल, “बिल कमी किमतीचं बनवून देतो, कर वाचेल.” अजिबात ऐकू नका. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने माल जप्त होऊ शकतो आणि दंड आयात करणाऱ्यावर, म्हणजे गटावर बसतो. तो चीनमध्ये मोकळाच राहतो.

जाता जाता एक. “परदेशातून तुमचं गिफ्ट आलंय, कस्टममध्ये अडकलंय, पैसे पाठवा,” असा फोन आला तर ठेवून द्या. सीमाशुल्क खातं फोन करून कुणाच्या खाजगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. कुणी पाठवलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

चीनचं मशीन घेऊच नका, असं मी म्हणत नाही. चार-पाच गट मिळून मागवलं तर एजंटचा आणि बंदराचा खर्च वाटला जातो, गणित बदलतं. पण बिघडल्यावर सुटा भाग कुठून आणणार, तोही परत शुल्क भरूनच ना? डीलरला हेच विचारा: वॉरंटी किती, मेकॅनिक किती दिवसांत येतो. मसाला गटाने दोन्ही कोटेशनं आणि बंदरावरच्या खर्चाचा कागद अर्जाला जोडावा. कर्ज समिती पुढच्या बैठकीत ते तिन्ही कागद समोर ठेवूनच रक्कम ठरवेल.