मतदारसंघांच्या सीमा कोणी आखाव्यात?
जेम्स ब्यूकॅनन आणि गॉर्डन टलॉक यांनी १९६२ च्या ग्रंथात मांडलेली ‘सार्वजनिक निवड’ विचारसरणी पुढाऱ्याला व्यापाऱ्यासारखेच पाहते: दोघेही आधी आपला फायदा बघतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळच आखते. विरोधकांची मते एकाच मतदारसंघात कोंबली, किंवा चार ठिकाणी पांगवली, की काम फत्ते. दोष नीतीचा नव्हे, नियमाचा, असे ही विचारसरणी मानते.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ मध्ये विधिमंडळाच्या आणि २०१० मध्ये काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) जागांची आखणी १४ नागरिकांच्या आयोगाकडे सोपवली. त्यातले पहिले आठ जण चिठ्ठ्या काढून ठरतात. नकाशा मंजूर व्हायला डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि या दोन्हींबाहेरचे, अशा प्रत्येक गटाची किमान तीन मते लागतात. सहमतीवर भर देणाऱ्या ब्यूकॅनन यांना ही अट बहुधा पटली असती. मात्र आयोगापुढे संघटित गट आधी पोचतात. सामान्य मतदाराला तेवढी सवड कुठली? शिवाय नियमही बदलता येतो. टेक्सासने २०२५ मध्ये आपला नकाशा बदलताच प्रत्युत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी काँग्रेसच्या जागांपुरता आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवून विधिमंडळाचा स्वीकारला.