गढीपासून सनदेपर्यंत



अराजकातून राष्ट्राराष्ट्रांमधील सुव्यवस्था कशी जन्मते, हा प्रश्न निघाला की व्हिएन्ना, व्हर्साय ही नावे पुढे येतात. परंतु त्याचा विचार बोरगाव-सौंसरच्या भूमीवरूनही करता येतो. ही भूमी पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती.

1803 मध्ये अडगावच्या लढाईत दुसरे रघुजी भोसले पराभूत झाले. देवगावच्या तहाने कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख त्यांच्या हातून गेला. जुनी सत्ता खचली आणि नवी सत्ता जबाबदारी घेईना. या पोकळीत पेंढारी शिरले. 1811 मध्ये तर त्यांनी नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन उपनगरांना आग लावली. नागपूर राज्यातील अनेक गावगढ्या याच धामधुमीत उभ्या राहिल्या. गढीने माणसे वाचत, पण भिंतीबाहेरचे पीक आणि गुरेढोरे वाचत नसत. शिवाय पेंढारी एका राज्यात लूट करून दुसऱ्याच्या हद्दीत आसरा घेत. एकट्या राज्याच्या बंदोबस्ताने हे संकट टळणारे नव्हते.

1817-18 च्या मोहिमेत इंग्रजांनी त्याचा निकाल लावला, आणि तोही केवळ तलवारीने नव्हे. अमीरखानास टोंकची नबाबी मिळाली, करीमखानास गोरखपूरकडे जमीन मिळाली. शरण न आलेला चितू असीरगडच्या रानात वाघाच्या तोंडी पडला. वाटा निर्धोक झाल्या. मात्र या शांततेचे मोल राज्याने स्वातंत्र्य देऊन चुकविले. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर आले आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला. 1853 मध्ये रघुजी निपुत्रिक निवर्तले आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. ज्यांना या व्यवस्थेत राहावयाचे होते, त्यांना तिच्यात आवाज नव्हता.

युरोपातील अनुभव याला पुष्टीच देतो. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्ना येथे 1815 मध्ये नवी घडी बसली आणि 1818 मध्ये पराभूत फ्रान्सलाही बड्या राष्ट्रांच्या पंक्तीत घेण्यात आले. पुढे युद्धे झाली, पण सर्व युरोपला वेढणारा वणवा 1914 पर्यंत पेटला नाही. उलट 1919 मध्ये व्हर्साय येथे जर्मनीवर अटी लादल्या गेल्या आणि वीस वर्षांत दुसरे महायुद्ध उभे राहिले. 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रांची सनद घडविली. पारतंत्र्यातील हिंदुस्थानतर्फे रामस्वामी मुदलियार यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली. पाच राष्ट्रांच्या नकाराधिकाराचे व्यंग त्या सनदेत आहेच. तरी दुबळ्या राष्ट्राला गाऱ्हाणे मांडावयास एक चावडी लाभली.

1956 मध्ये राज्यांच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या. नागपूर मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. मनात खंत होती; पण या रेषेपायी कोणाला गढी बांधावी लागली नाही. रेषेच्या अलीकडेही मराठी बोलली गेली, वाचली गेली. कोणतीही व्यवस्था टिकावी असे वाटत असेल, तर रेषा आपल्या मनाजोगती न पडलेल्या माणसालाही तिच्या आत निर्धास्तपणे जगता आले पाहिजे आणि आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. बलवानाचा धाक शांतता आणू शकतो. ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ती अशा विश्वासानेच.