वावर खरडलं, पंचनामा पिकाचा झाला

(मूर्तिजापूर येथे शेतकरी व शेतमजूर स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पूर ओसरला की तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात. घर किती पडलं, ढोरं किती वाहिली, सोयाबीन किती एकर गेलं, हे लिहितात. माती किती गेली, हे कोण विचारतं?

एक साधा हिशेब करू. एका एकरावरची इंचभर माती म्हणजे जवळजवळ ३६ ब्रास. आपल्या नवऱ्यांना ब्रास कळतो, घर बांधताना रेती त्यातच मोजतात. तेवढी माती एका रात्रीत नाल्याला लागते आणि वावर वरून पाहिलं तर सपाटच दिसतं! आणि ही इंचभर माती नुसती माती नसते. वर्षानुवर्षं डोक्यावर पाटी घेऊन आपण टाकलेलं शेणखत, पऱ्हाटीचा पालापाचोळा, सगळा कस याच थरात असतो. निसर्गाला ती पुन्हा तयार करायला काही शतकं लागतात.

आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर दुखणं दुहेरी आहे. इथल्या काळ्या चिकण मातीत सोडियम जास्त. पावसाचं गोडं पाणी पडलं की ढेकळं विरघळतात, बारीक कण भेगा-छिद्रांत बसतात, पाणी मुरत नाही, धावतं. म्हणून पूर्णेच्या काठाला खोल घळी पडलेल्या आहेत. शिवाय खाली जावं तसा चोपणपणा वाढतो. वरची बरी माती गेली की उघडी पडते ती खालची, जास्त चोपण. तिच्यात बी नीट उगवत नाही. मग दुबार पेरणी, आणि मजुरी वाचवायची म्हणून निंदण-खुरपण घरच्या बाईच्या अंगावर.

जुलै २०२३ मध्ये शेजारच्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागात पुराने जमिनी खरडल्या. २०२५ मध्ये मराठवाड्यात तेच, फार मोठ्या प्रमाणावर. तेव्हा सरकारने ऑक्टोबरात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. त्यामुळे 'खरडलेली जमीन' हा शब्द निदान वर्तमानपत्रात आला, हे बरंच झालं. पण २०२२-२३ ते २०२५-२६ साठीचे केंद्राचे आपत्तीचे निकष वाचा. तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर हेक्टरी १८ हजार. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमिनीचा मोठा भाग गेला तर ४७ हजार, तेही महसुली कागदावर मालकी असलेल्या अल्प-अत्यल्प भूधारकालाच. दुसऱ्याच्या वावरातून आलेला गाळ मोजायला टेप आहे. ज्या वावरातून दोन इंच माती गेली त्याला रकानाच नाही.

आणि 'महसुली कागद' म्हटलं की आपला विषय सुरू होतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायांची खाती जेमतेम १४ टक्के होती. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. पण सून म्हणून जिथे आपण राबतो तिथला सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या कितीतरी बायांच्या नावावर अजून फेरफार झालेला नसतो. मक्त्याने, बटईने वावर करणारीचं नाव तर कुठेच नसतं. पैसे सातबाऱ्यावाल्याच्या खात्यात जातात आणि खड्डे बुजवायला, दगड वेचायला टोपलं घेऊन उभी राहते ती दुसरीच.

हे दुखणं नवं नाही. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात पाणी शेतात मुरावं म्हणून फौज-पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्या, असं सरकारला सुचवलं होतं. पोलीस काही आले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात ते बांध बायांनीच घातले.

आता काम सांगते. पावसाआधी धुऱ्याजवळ दोन-तीन जागी खुंट्या ठोका, जमिनीच्या पातळीला खूण करा, फोटो काढून ठेवा. पुरानंतर खूण किती उघडी पडली ते मोजा. पंचनाम्याच्या वेळी वावरात हजर राहा आणि पीक वेगळं, माती वेगळी लिहायला लावा. नाही लिहिलं तर त्याच दिवशी तहसीलदारांना अर्ज द्या, पोच घ्या. अर्जावर कसणारीचं नाव आणि मालकाचं नाव, दोन्ही घाला. वारसाचा फेरफार राहिलेल्या बायांची गाववार यादी आजच इथे करू. पहिली पाच नावं आली आहेत, बाकीच्यांनी जेवणाआधी द्यावीत.