ज्वालामुखीच्या पायऱ्यांवरून दोन दिवस

उत्तर अटलांटिक महासागरांत, ध्रुवप्रदेशाच्या अगदीं उंबरठ्याशीं, आइसलंड नांवाचें एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारें १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश. वस्ती मात्र चार लाखांच्या आसपास, म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड यांच्या एकत्रित वस्तीहूनहि कमी. जमिनींतून आपोआप उसळणारीं कढत पाण्याचीं कारंजीं, काळ्या कातळावरून कोसळणारे धबधबे आणि अद्यापि न निवालेले ज्वालामुखी पाहण्यासाठीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथें लोटतात. सांगलीच्या एका घरांतहि या बेटाच्या सहलीची गोष्ट निघाली होती. घरांतील नात कॉलेजांत भूगोल शिकते. तिनें सारा मार्ग कागदावर आंखून ठेवला होता. खर्चाचा आंकडा पाहून वडील मंडळी गप्प बसली. तेव्हां सत्तरीला टेकलेले आजोबा म्हणाले, "ज्वालामुखीचाच देश पाहावयाचा आहे ना? मग त्याला विमान कशाला? दोन दिवस मोटार काढा."

नातीला हें केवळ सांत्वन वाटलें, आणि थोडेंसें तें होतेंहि. तथापि आजोबांचें म्हणणें खोटें नव्हतें. सप्टेंबरच्या मध्यास, पावसानें जरा उघडीप दिली असतां, मंडळी पहाटे सांगलीहून निघाली आणि पेठ नाक्यावर महामार्गाला लागली.

कऱ्हाड मागें पडलें कीं दोन्ही अंगांना डोंगर दिसूं लागतात. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांत नवल वाटत नाहीं. पण नीट पाहिलें तर प्रत्येक डोंगर एकाच नमुन्याचा आहे: एक उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हां कडा, पुन्हां उतार, आणि माथा करवतीनें कापल्यासारखा सपाट. कोणीं जिनाच बांधून ठेवावा तसा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३३ सालीं या खडकाला 'दख्खन ट्रॅप' हें नांव दिलें. त्यांतला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेंतील जिना या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. साताऱ्याच्या डोंगराचें नांव असें उत्तरेकडूनच आलें, याची नातीला मोठी गंमत वाटली.

हा जिना बांधला कोणीं? सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारस वाहूं लागला. चित्रांतल्यासारखा टोकदार डोंगर होऊन त्याच्या शेंड्यांतून धूर निघाला, असें येथें झालें नाहीं. भेग उघडली, रस पसरला, थिजला, आणि कांहीं काळानें त्यावर दुसरा थर आला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट निवतो. त्याचा कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला असतो. तो झिजून उतार होतो. दोन थरांच्या मध्यें पुष्कळ ठिकाणीं विटेसारखी लाल रेघ दिसते. पहिल्या थरावर माती तयार होण्याइतका अवधि मिळाला, आणि मग दुसऱ्या थरानें ती माती भाजून काढली, अशी त्या रेघेची हकीकत आहे. हा कातळ आजहि सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे.

असा प्रकार माणसाच्या डोळ्यांदेखत कोठें घडला, हें पाहावयाचें तर मात्र आइसलंडकडेच वळावें लागतें. १७८३ च्या जूनमध्यें त्या बेटावर लाकी येथें सुमारें पंचवीस किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. लाव्ह्यापेक्षां त्यासोबतच्या वायूनेंच घात केला. गवत विषारी झालें, निम्म्याहून अधिक जनावरें मेलीं, आणि पाठोपाठच्या दुष्काळांत बेटावरील जवळजवळ पांचवा हिस्सा माणसें दगावलीं. आणि तो लाकीचा लाव्हा दख्खनच्या मोठ्या थरांपुढें नगण्य आहे! ज्या खडकावर सातारकर संध्याकाळीं फिरावयास जातात त्याचा जन्म असा आहे.

दुपारीं मंडळी यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर आली. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं कास पाहिलें असेल त्यांना वर्णनाची गरज नाहीं, आणि ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांना तें वर्णनानें कळावयाचें नाहीं. तरी एवढें सांगितलें पाहिजे कीं, ही बाग नव्हे. हें जवळजवळ उघडें कातळ आहे. पावसानें हजारों वर्षें धुऊन धुऊन वरच्या काळ्या पाषाणाचा तांबडा जांभा झालेला. त्यावर माती कोठें वीतभर, कोठें बोटभर, कोठें तेवढीहि नाहीं. उन्हाळ्यांत येथें पाय भाजतात आणि पावसाळ्यांत घोटाभर पाणी साचतें. अशा दरिद्री जमिनींत साडेआठशेंहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पति नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ सालीं पश्चिम घाटाचा समावेश जागतिक वारशांत झाला, त्यांत कासहि आहे.

दारिद्र्यानें वनस्पतींना नाना युक्त्या शिकविल्या आहेत. सीतेचीं आसवें हें जांभळें, नखाएवढें फूल. त्याची नाजुक काडी पाहून कोणास वाटावें कीं, याच्याइतकें निरुपद्रवी कांहीं नसेल. परंतु ओल्या मातींत त्याच्या बारीक पिशव्या दडलेल्या असतात आणि त्या सूक्ष्म जीवांना आंत ओढून घेतात. मातींत जें अन्न नाहीं तें किड्यांकडून घ्यावयाचें! गवती दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंबहि त्याच कामाचे. डबक्यांत वायतुरा फुलला होता. त्याच्या शास्त्रीय नांवांतच साताऱ्याचें नांव गोंवलेलें आहे. नात गुडघ्यांवर बसून तो पाहत राहिली. आइसलंडचा कागद त्या वेळीं तिच्या पिशवींतच होता, पण तो तिनें काढला नाहीं.

एवढ्यांत शिटी वाजली. छायाचित्र घेण्याच्या नादांत एक जोडपें वाट सोडून फुलांत शिरलें होतें. राखणीला असलेली गांवची बाई धांवत आली नाहीं, ओरडलीहि नाहीं. जागेवरूनच म्हणाली, "ताई, पाऊल मागं घ्या. तुमच्या चपलेखाली पुढच्या वर्षाचं बी हाय." तीं दोघें ओशाळून मागें आलीं. आइसलंडमध्येंहि लाव्ह्यावरचें शेवाळ एकदां तुडविलें गेलें कीं भरून येण्यास कित्येक वर्षें लागतात, आणि तेथेंहि असेच पहारे ठेवावे लागतात. कासला रोज किती माणसें सोडावीं यावर मर्यादा घालावी लागली. मध्यंतरीं पठाराला कुंपणहि होतें. पुढें तें निघालें. गुरें चरलीं नाहींत तर गवत माजतें आणि फुलें दबतात, असें तेथील गांवकऱ्यांचें म्हणणें. पिढ्यान्पिढ्या त्या पठारावर गुरें राखणाऱ्यांचा हा अनुभव शहरांतून आलेल्या सूचनांपेक्षां अधिक वजनाचा मानावयास हरकत नसावी.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मंडळींनीं सज्जनगडाला दुरूनच नमस्कार करून ठोसेघर गांठलें. धबधबा धुक्यांत होता. दहा मिनिटें आवाजच ऐकूं आला, मग पडदा सरला आणि पाण्याची पांढरी दोरी खोल दरींत उतरतांना दिसली. आइसलंडचा प्रसिद्ध गुलफोस दोन टप्प्यांत मिळून ३२ मीटर उतरतो. उंचीच्या मानानें आपला धबधबा त्यास हार जाणार नाहीं. परंतु तेथील नदीला हिमनदीचें पाणी, ती बारमाही. येथील वैभव पावसाचें, चार महिन्यांचें.

"पण गरम पाण्याचीं कारंजीं कोठें आहेत?" नातीनें विचारलें.

सह्याद्रीच्या पलीकडे, संगमेश्वराजवळ तुरळ-राजवाडीला गरम पाण्याचे झरे आहेत. मात्र ते उसळत नाहींत. आणि त्यांची ऊष्णता ज्वालामुखीची नव्हे. पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरतें, तेथील स्वाभाविक ऊष्णतेनें तापतें आणि वर येतें. दख्खनचा ज्वालामुखी केव्हांच निवला. "निवला," आजोबा म्हणाले, "पण जमीन निजली असें समजूं नकोस." आणि त्यांनीं मोटार उंब्रजवरून मल्हारपेठ, पाटणच्या वाटेला घेण्यास सांगितलें. कोयनानगर मूळ बेतांत नव्हतें.

कोयनेच्या धरणासमोरील नेहरू उद्यानांत मंडळी बसली. १०३ मीटर उंचीची ती भिंत, तिच्यामागें शिवसागराचें पाणी. आजोबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं जें सांगितलें तें घरांत आजवर कोणीं ऐकलें नव्हतें.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून गेलेले. ते तेव्हां अकरा वर्षांचे. पाटण तालुक्यांतील एका लहान गांवांत राहत. आई चुलीशीं होती. प्रथम कुत्रीं भुंकलीं, मग जमिनीखालून गाडी गेल्यासारखा आवाज झाला. भिंती काळ्या दगडाच्या आणि मातीच्या. दगड वाटोळे, एकमेकांत न गुंतलेले. त्या भिंती एका क्षणांत सुटल्या. ते दाराकडे होते म्हणून वांचले. धाकटी बहीण भिंतीशीं निजली होती. त्या भूकंपांत पावणेदोनशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत ती एक. त्यानंतर कुटुंब सांगलीला आलें तें परत गेलेंच नाहीं.

दक्षिण भारताची भूमि अचल आहे, असें त्या दिवसापर्यंत पुस्तकांत शिकवीत असत. आइसलंड पृथ्वीच्या दोन मोठ्या कवचखंडांच्या सांध्यावर आहे; तेथें जमीन दर वर्षीं सुमारें दोन सेंटिमीटर फांकते आणि धक्के बसतात, हें समजण्याजोगें आहे. कोयनेला असा सांधा नाहीं. १९६२ च्या सुमारास जलाशय भरूं लागल्यावर येथें धक्के सुरू झाले. लाव्ह्याच्या थरांखालीं त्याहून फार जुना ग्रॅनाइटचा पाया आहे आणि त्यांत जुन्या भेगा आहेत. पाण्याचा भार आणि भेगांत मुरणारें पाणी यांनीं त्या चाळवल्या, असें शास्त्रज्ञ मानतात. लाव्ह्याचे थर येथें किती जाड आहेत हेंहि विंधणांनीं समजलें: एका ठिकाणीं ते सुमारें ९३३ मीटर भरले. २०१७ सालीं तीन किलोमीटर खोलीचें विंधण पुरें झालें आणि कऱ्हाडच्या प्रयोगशाळेंतून या भूकंपांचा अभ्यास चालतो. कोयनेच्या परिसरांत लहान धक्के आजहि बसतात.

नातीनें हें पुष्कळसें पुस्तकांत वाचलें होतें. परीक्षेंत तिनें त्यावर उत्तरहि लिहिलें होतें. ती म्हणाली, "आजोबा, तिचें नांव काय होतें?" त्यांनीं सांगितलें.

परततांना त्यांनीं मोटार एका फांट्यावर वळविली. गांव ओळखूं येत नव्हतें; घरें नवीं, पत्र्याचीं, विटांचीं. त्यांच्या घराच्या जागीं कोणाचा तरी गोठा होता आणि गोठ्याच्या पायरीला तीन काळे दगड बसविले होते. घरधनीण बाहेर आली, कोण, कोठले, म्हणून तिनें विचारपूस केली आणि चहाचें आधण ठेवलें. आजोबा त्या पायरीवर बसले. दगडांत बुडबुड्यांचीं भोंकें होतीं आणि एका भोंकांत पांढऱ्या गारगोटीचे बारीक स्फटिक चकाकत होते. नातीनें ते त्यांना दाखविले. लहानपणीं हे कधीं दिसले नव्हते, असें ते म्हणाले. चहा झाला. निघतां निघतां घरधनिणीनें काकडीच्या दोन फोडी नातीच्या हातावर ठेवल्या, आणि मोटार मल्हारपेठेकडे वळली तेव्हां पाऊस पुन्हां सुरू झाला होता.