पाटी सांगते फोटोचं वय

डहाणू तालुक्यातल्या नरपडसारख्या गावाला मोठ्या खरेदीसाठी डहाणूचा बाजार जवळचा. अशा बाजाराचा जुना फोटो निघाला, की तो कोणत्या सालचा यावर वाद ठरलेला. माझ्या मते तिथे आठवणीपेक्षा दुकानाच्या पाटीवर भरवसा ठेवावा. पाटीवर पिनकोड असेल, तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. पिनकोड सुरूच त्या दिवशी झाले. भाव नव्या पैशांत असेल, तर फोटो १९५७ च्या आधीचा नाही. ‘जिल्हा पालघर’ दिसलं, तर २०१४ च्या अलीकडचा, कारण तेव्हाच तो ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला.

कुणी म्हणेल, पाट्या कुठे लगेच बदलतात? खरं आहे. म्हणूनच ‘जिल्हा ठाणे’ एवढ्यावरून फोटो २०१४ पूर्वीचा ठरत नाही. रंग उडालेली पाटी पुढेही तशीच लटकत राहते. नवी खूण ‘याच्या आधी नाही’ एवढं ठामपणे सांगते, जुनी खूण फारसं काहीच सांगत नाही. कृष्णधवल असणं हा तर अगदीच कच्चा पुरावा, कारण रंगीत फिल्म आल्यावरही स्वस्त म्हणून कृष्णधवल फोटो काढले जातच होते. गुजराती अक्षरं दिसली म्हणून फोटो १९६० पूर्वीच्या मुंबई राज्यातला, हाही तर्क लंगडा. गुजरातच्या सीमेलगतच्या या तालुक्यात गुजराती बोलणारे व्यापारी आणि पारशी-इराणी बागायतदार राज्य बदललं तरी इथेच राहिले. ती अक्षरं साल सांगत नाहीत, गिऱ्हाईक सांगतात.