फोटोत मागे काय आहे?

(स्नेहमेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेले सगळे फोटो इथे छापणे शक्य नव्हते, म्हणून काही ठिकाणी वर्णन वाढवले आहे.)



समितीने मला बजावलं आहे की जेवणाची वेळ झाली आहे आणि श्रीखंड बाहेर काढून ठेवलंय. तेव्हा प्रस्तावना नाही. थेट फोटो बघू.

हा पहिला. भिंतीला उभी भेग, भेगेशेजारी धरलेली पट्टी, आणि कोपऱ्यात खडूने लिहिलेला खोली नंबर. असले हजारो फोटो मी काढले आहेत. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीची आधी पाहणी होते, इंजिनिअर पुढे चालतो आणि मी मागून कॅमेरा घेऊन. काय टिपायचं ते ठरलेलं असतं : उघड्या पडलेल्या सळया, फुगलेलं प्लास्टर, छताची गळती, संडासाच्या खालची ओली भिंत, जिन्याची झिजलेली पायरी. माणूस मध्ये आला तर त्याला "जरा बाजूला व्हा काका" म्हणायचं. काका बिचारे बाजूला होतात. त्यांच्या देव्हाऱ्यावरची भेग फोटोत येते, देव्हारा येत नाही.

तक्रार म्हणून सांगत नाही. इमारत धोकादायक आहे हे सिद्ध करायला तो फोटो लागतो आणि बऱ्याचदा इमारत खरंच धोकादायक असते. पण तो फोटो पाडण्यासाठी काढलेला असतो, आणि ही पद्धत फार जुनी आहे.

दुसरा फोटो बघा. उंच दगडी घरांमधला अरुंद बोळ, वर दांड्यांवर वाळत घातलेले कपडे, खाली ओली फरसबंदी. काही मुलं धुरकट दिसतात, कारण त्या काळी फोटोला बराच वेळ लागायचा आणि पोरं हलली. आपल्यापैकी कुणीतरी आत्ता मागून ओरडलं, "लालबाग!" लालबाग नव्हे, ग्लासगो. तिथल्या नगरपालिकेने 1866 च्या कायद्याने एक सुधार ट्रस्ट नेमला आणि गलिच्छ वस्ती पाडायला काढली. ती पाडण्याआधी टिपून ठेवायचं काम टॉमस ॲनन या फोटोग्राफरला दिलं. 1868 ते 1871 या काळात त्याने काढलेले हे फोटो आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्याच सुमारास पॅरिसमध्येही शार्ल मार्व्हिल नावाचा गृहस्थ नगरपालिकेच्या सांगण्यावरून पाडायच्या गल्ल्यांचे फोटो काढत होता. त्याच्या गल्ल्या मात्र बहुतेक रिकाम्या. ॲननकडे निदान कपडे तरी वाळतायत.

ग्लासगोचा आपल्याशी संबंध काय, तर तो अगदी सख्खा आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीपासून सुरुवात झाली. सरकारी पथकं घरात शिरायची, उजेड यावा म्हणून कौलं काढायची, आणि घर राहण्यायोग्य नाही असं ठरलं की भिंतीवर रंगाने 'यू. एच. एच.' अशी अक्षरं काढायची. त्या काळातले प्लेगच्या मोहिमेचे फोटो आजही उपलब्ध आहेत. मग 1898 मध्ये मुंबईचा सुधार ट्रस्ट स्थापन झाला, तो ग्लासगोच्याच नमुन्यावर. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड हे रस्ते त्यानेच दाट वस्तीतून काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले.

भिंतीवरची ती तीन अक्षरं बघितली की मला माझा खडू आठवतो. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक पडला की आम्ही रंगाऐवजी खडू वापरतो.

आता आपल्या घरी येऊ. आपल्यातले निम्मे तरी बीडीडीचे. बाकीच्यांनाही त्या चाळी पाठ आहेत, कारण क्रिकेट तिथेच. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायचा बेत होता, झाल्या साधारण 16,000. वरळीला 121 चाळी, नायगावला 42, आपल्या डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. तळमजला अधिक तीन, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. लोकांना त्या इतक्या नापसंत होत्या की सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या. वरळीच्या चाळींचा तर सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग म्हणून वापर झाला. पुढे खोली मिळवायला काय काय करावं लागायचं ते तुमच्या आई-वडिलांना विचारा.

पण एक गंमत सांगतो. मुंबईची चाळ म्हणून जे फोटो छापून येतात, त्यात लाकडी कठड्याची लांब गॅलरी असते, ऊन तिरपं येतं, आजीबाई तांदूळ निवडत असतात. सुंदर फोटो असतात. बीडीडीला गॅलरीच नाही. मधून अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. त्या पॅसेजमध्ये दिवसाही बल्ब लागायचा. बाहेरून येणारा फोटोग्राफर इमारतीचा दर्शनी भाग टिपून परत जातो, कारण आत उजेड नाही. म्हणजे ज्या वीस-बावीस पावलांत आपण वाढलो, अभ्यास केला, भांडलो, लग्नं लावली, मयतं उचलली, तिथले चांगले फोटो शोधूनही सापडत नाहीत. मी स्वतः काढले आहेत, पण तेव्हा पॅसेज रिकामा झाला होता. दारांना कुलपं होती.

दुसरीकडे बिल्डरांची चित्रपुस्तिका. तिच्यातला फोटो हा फोटोच नसतो, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र असतं. चाळीस मजली टॉवर, खाली हिरवळ, हिरवळीवर चालणारी गोरी माणसं. एकाही खिडकीत टॉवेल वाळत नाही.

मी पुनर्विकासाच्या विरोधात बोलतोय असं कुणी समजू नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या. 160 ची खोली जाऊन 500 चौरस फुटांचं घर, संडास घरात. आपल्या वर्गातली एक मैत्रीण मला म्हणाली, "तुम्ही पुरुष चाळीच्या आठवणींनी गहिवरता. मी एकदाही पहाटे चारला रांगेत उभी राहिले नाही, या दिवसाची माझ्या आईने चाळीस वर्षं वाट बघितली." तिचं म्हणणं मला पटतं. चाळ किती छान होती हे सांगणाऱ्यांत बायका कमी असतात, हे मी कामाच्या ठिकाणीही बघितलंय. आणि त्या रांगेचा फोटो? माझ्याकडे एकही नाही. कुणाकडे असेल असंही वाटत नाही. एका रोलमध्ये 36 फोटो, रोल वर्षभर पुरवायचा. नळावरच्या रांगेवर तो कोण खर्च करणार?

आता हा फोटो. रंग उडालाय, पण बघा. आपल्या मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीची हळद. दोन चाळींच्या मधल्या जागेत मांडव. नवरी लाजतेय, मामी हसतेय, तिकडे बघू नका. मागे बघा. तळमजल्याच्या खिडकीखाली ओळीने पत्र्याची पिंपं, पिंपांवर पांढऱ्या रंगात खोली नंबर. पाण्याची रांग अशी दिसली, माणसांविना. भिंतीवर अर्धवट पुसलेली निवडणुकीची घोषणा. आणि वर उजव्या कोपऱ्यात गिरणीची चिमणी, चिमणीतून धूर. फोटोमागे तारीख नव्हती. आम्ही दोघांनी अंदाज बांधला : धूर आहे, म्हणजे बहुधा 18 जानेवारी 1982 च्या आधीचा, संप सुरू होण्याआधीचा. तिने बहिणीला फोन केला. लग्न एप्रिल 1980 चं.

नवरीकडच्या माणसाने नवरीसाठी काढलेला फोटो. पण डिलाईल रोडच्या त्या कोपऱ्याबद्दल त्यात जेवढं आहे, तेवढं कुठल्याही सरकारी फाइलमध्ये मला आढळलेलं नाही.

आता शेवटचे, आणि हे सगळ्यांच्या ओळखीचे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या कचेरीतले दहावीचे ग्रुप फोटो मी स्कॅन केले. दरवर्षी तीच जागा : पटांगणाच्या टोकाला बाकं लावायची, शिक्षक खुर्च्यांवर पुढे, मुली डावीकडे, उंच मुलं मागे. फोटोग्राफरही वर्षानुवर्षं एकाच स्टुडिओतला. उन्हाची दिशा बघून त्याने ती जागा एकदा ठरवली आणि सोडली नाही. त्यामुळे पाठीमागे दरवर्षी तोच देखावा येत गेला : कुंपणाची भिंत, तिच्यामागे चाळ, चाळीमागे चिमणी.

मी ते सगळे एकामागून एक लावतो. चेहरे बघायचा मोह आवरा, वरचा एक तृतीयांश भाग बघा. 1975, धूर. 1978, धूर. 1981, आपण. हो, तो मीच, डोळे मिटलेला. धूर आहे. 1983, धूर नाही. आणि आता खाली बघा : मागची एक रांगच गेली. संप लांबला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि मुलं गावी पाठवली गेली, कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे. काही परत आली, काही नाही. बाईंनी मला सांगितलं की त्या वर्षी हजेरी घेताना त्या काही नावं गाळायच्या, कारण उत्तर येणार नाही हे माहीत असायचं.

पुढे चिमणी बरीच वर्षं तशीच उभी, कोरडी. कायद्यात काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो. 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेसाठी शहराला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर गिरणी उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सरकारी मराठीत हे वाचून कुणालाच काही कळलं नव्हतं. फोटोत मात्र कळतं : एका वर्षी चिमणी आहे, पुढच्या वर्षी आकाश, त्यानंतर क्रेन, मग काचेचा टॉवर, आणि दुपारी त्याच्या काचेवरचं ऊन थेट मुलांच्या डोळ्यांत. 2014 नंतरच्या फोटोंत सगळी पोरं डोळे बारीक करून उभी आहेत. शेवटी फोटोग्राफरने जागा बदलली आणि ही मालिका तिथेच संपली.

हे काम कुणी ठरवून केलेलं नाही. ॲननला ट्रस्टने नेमलं होतं, मार्व्हिलला नगरपालिकेने. आपल्याला नेमलं ते उन्हाच्या दिशेने.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यातले बरेच जण सध्या ट्रान्झिटमध्ये आहेत किंवा निघायच्या बेतात. घर हलवताना पहिलं काय टाकलं जातं ते मी रोज बघतो : माळ्यावरची पेटी. त्या पेटीत अल्बम असतो. टाकू नका, आधी मला दाखवा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकट आणा. निगेटिव्ह असतील तर आधी त्या. मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. नवरा-नवरीची नावं लिहाल न लिहाल, पण चाळ नंबर, खोली नंबर आणि फोटो कुठल्या बाजूला तोंड करून काढला, एवढं नक्की लिहा. मी 600 डीपीआयवर स्कॅन करून मूळ फोटो त्याच दिवशी परत देईन. पैसे नाहीत, चहा चालेल.

जाता जाता 1986 चा ग्रुप फोटो पुन्हा एकदा मोठा करून दाखवतो. मुलांच्या डोक्यांवर, भिंतीपलीकडे, तिसऱ्या मजल्यावरची डावीकडून चौथी खिडकी. एक बाई गोधडी वाळत घालतायत. गोधडी अर्धी बाहेर आली आहे आणि खाली काय चाललंय हे बघायला त्या थांबल्या आहेत. अख्ख्या संचात कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी चाळीतली ती एकच व्यक्ती. या बाई कोण, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा कोण कोण राहायचं ते आठवत असेल त्याने जेवताना मला गाठावं. मी श्रीखंडापाशीच असेन.