हिरडीतून रक्त येतं, तेव्हा

माझ्या अम्मीचा एकही दात किडलेला नव्हता, तरी पन्नाशीत चार दात हलून पडले. हिरड्यांतून वर्षानुवर्षं रक्त यायचं. आम्ही ‘उष्णता असेल’ म्हणून सोडून दिलं. हिरडीच्या आजारात दाताला धरून ठेवणारं हाडच झिजतं, हे फार उशिरा कळलं.

झिजलेलं हाड परत येतं का? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचा एक प्रयोग २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. ४० रुग्णांच्या हिरड्यांची शस्त्रक्रिया केली. निम्म्यांना सहा आठवडे रोज टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन दिलं. हे पॅराथायरॉइड हार्मोनचं एक रूप. हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात. वर्षभरानं त्यांच्या हाडाची झीज २९ टक्के भरली होती, बाकीच्यांची ३ टक्के.

आशा मोठी, पण प्रयोग छोटा. आणि हार्मोन शस्त्रक्रियेच्या जोडीला होतं, तिच्याऐवजी नव्हे. हिरडीखालची घाण तशीच ठेवून इंजेक्शन काय करणार?

आज घरी गेल्यावर अम्मीला विचारा, दात घासताना रक्त येतं का? ‘काही नाही रे’ म्हणाली, तरी दातांच्या डॉक्टरकडे न्या. मी विचारलं नव्हतं.